गोविंदाचा आवाज

वैशाखातल्या भर दुपारी तुळसा घोंगडी पांघरून ओटीवर बसली होती. अंगणात मासळी कडकडीत वाळत होती आणि तिला मात्र थंडी वाजत होती.

"गोविंदा, आयलास का रं?" सासूने विचारलं.

"आयलो," तुळसा म्हणाली.

आवाज जाड, घोगरा. घशात चिखल साचल्यासारखा. आधी तिचं मन विझलं होतं. काहीच नकोसं वाटायचं, चुलीपुढे बसल्या बसल्या डोळ्यांना धार लागायची, मधूनच उगाच छाती दडपायची. मग तोंड सुजलं, केस गळाले आणि शेवटी आवाज पुरुषी झाला. तो म्हाताऱ्या सासूने, धाकूने ओळखला, गोविंदाचा म्हणून. तिचा थोरला लेक गोविंदा खाडीत बुडाला, त्यानंतर काही वर्षांनी तुळसा धाकट्या गोपीनाथची बायको म्हणून या घरात आली. थोरल्या दिराचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

सुरुवातीला ती सांगायची, "आय, मी तुळसा हाय." पुढे सांगणं सोडलं. आपण कोण, ते तिचं तिलाच धड कळेनासं झालं होतं. गोविंदा म्हणून हाक आली की ओ देणं सोपं होतं. तुळसा म्हणून काही करायचं म्हणजे अंगावर डोंगर.

"बुडताना कोनाला हाक मारलीस रं?" धाकूने विचारलं.

"तुलाच."

हे आपण का बोललो, ते तुळसाला कळलं नाही.

धाकूने तिचा हात धरला. "कुटं हायस तू? मना दाखव."

तुळसा उठली. घोंगडी तशीच अंगावर होती. दोघी मिठागराच्या बांधावरून खाडीकडे चालू लागल्या.

गोपीनाथ मीठ ओढत होता. मान वर केली तर आई आणि बायको हातात हात घालून गुडघाभर चिखलातून पाण्याकडे निघालेल्या. त्याने हाका मारल्या. दोघींपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही. हातातलं टाकून तो धावला. दोघींना बांधावर ओढून आणलं तेव्हा तुळसाने शांतपणे त्याच्याकडे पाहिलं आणि त्या आवाजात म्हणाली, "थोडंच रायलं व्हतं."

भगताचे उतारे आधीच होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी गोपीनाथ तिला टांग्यात घालून ठाण्याला डॉक्टर उत्तरा कर्णिकांकडे घेऊन गेला.

"बाई, हिला झपाटलंय," तो म्हणाला. "डोक्याचं असंल तर येड्यांच्या इस्पितळाची चिठ्ठी द्या."

"चिठ्ठीचं मग बघू. आधी शरीर बघू दे."

बाईंनी तुळसाच्या दंडावरून हात फिरवला. कातडी खरखरीत, गार. भुवयांची बाहेरची टोकं झडून गेलेली. त्यांनी गळा चाचपला. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे लोंबती ठेवून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं आणि परत येताना सावकाश, फार सावकाश आलं. खालून कुणी धरून ठेवल्यासारखं. बाईंनी पुन्हा हातोडी मारली. पुन्हा तसंच. तुळसा मान वळवून आपल्याच पावलाकडे बघत राहिली.

बाईंनी रक्त काढून मुंबईला पाठवलं. ते तपासून आलं तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"गळ्यात एक ग्रंथी असते. तिच्या रसावर शरीर चालतं, मनसुद्धा. तुमची ती मंदावली आहे. थंडी, सूज, रडू, घुसमट, आवाज, सगळं त्याच्यामुळेच."

"म्हंजे हिच्यात कुनी नाय?" गोपीनाथने विचारलं.

"कुणी नाही. गोळ्या देते. मेंढीच्या ग्रंथीपासून करतात. रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत."

आषाढात घोंगडी सुटली. तोंडावरची सूज उतरली. श्रावणातल्या एका सकाळी तुळसाने भातावर आलेल्या कोंबड्यांना हाकललं आणि ती थबकली. आवाज तिचा स्वतःचा होता. बारीक, खणखणीत. तिला हसू फुटलं.

मागच्या दारात धाकू उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. "गोविंदा?"

"आय, मी तुळसा हाय."

म्हातारी आत वळली. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. रात्रंदिवस डोळे उघडे, खाडीकडे लागलेले. तुळसाने जवळ बसून भाकरीचा तुकडा पुढे केला तेव्हा तिने हात बाजूला सारला.

"दोनदा मेला माजा लेक," ती म्हणाली. "दुसऱ्या येळी तू मारलास."

तुळसा हादरली. पण तिला ते विझलेलं तोंड ओळखीचं वाटलं. ती नवऱ्याला म्हणाली, "मना बगितलं तसं आयला पन बगू दे. काय तरी असंल आत."

कर्णिकबाईंनी धाकूलाही तसंच तपासलं. गळा चाचपला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, हातोडी मारली. पाऊल जसं गेलं तसं परत आलं. रक्तही तपासलं. कुठे काही बोट ठेवण्यासारखं सापडलं नाही. शेवटी त्यांनी कानांत नळ्या घातल्या आणि तिच्या छातीवर चकती टेकवली.

आतापर्यंत मुकाट बसलेली धाकू एकदम पुढे झुकली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत जीव आला होता.

"ऐकू येतो ना?" ती कुजबुजली. "बाई, काय बोलतो त्यो?"

तुळसाने डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं.  त्यांच्या भुवया किंचित जवळ आल्या. त्यांनी चकती बोटभर खाली सरकवली आणि श्वास रोखून त्या पुन्हा ऐकू लागल्या.