अनोळखी माणसासाठी केक

“सख्खं भावंड कुणी आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही,” दादा म्हणाले.

“असं काय करता?” वहिनी म्हणाल्या. “धाकटे भावजी आहेत की.”

“आहे. माझ्या लेखी नाही.”

बाजारपेठेत सगळे त्यांना दादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. कोपऱ्यावरची बेकरी त्यांची. केकचं मिश्रण बोटावर घेऊन चाखल्याशिवाय दादा ते ओव्हनमध्ये ढकलत नसत. ल्युकेमिया निघाला, तेव्हा घरच्यांची पाचावर धारण बसली, दादांची नाही. केमोथेरपीनं डोक्यावरचा केस न केस गेला, तर सिस्टरला म्हणाले, “बरं झालं. केकात केस सापडला अशी तक्रार तरी येणार नाही.” असा माणूस. फक्त एकदा एखाद्यावर फुली मारली की मारली.

डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या. “केमोनं रोग दबलाय. पण तुमचा प्रकार उलटणारा आहे, नुसत्या औषधांवर भरवसा ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या बोन मॅरोतल्या पेशी दिल्या, तर कायमचं बरं होण्याची आशा खूप वाढते. त्यातही धोका आहे, पण मी तेच सुचवेन. सख्ख्या भावाशी जुळण्याची शक्यता चारात एक.”

“अहो, त्याचं काय सांगू तुम्हाला!” दादा उसळले. “बेकरीत माझ्या हाताखाली होता. काम सांगितलं की म्हणायचा, बदाम सोसत नाहीत मला. नाचता येईना अंगण वाकडं! एकदा त्याचं सोंग उघडं पाडायला मी न सांगता केकमध्ये बदामाची पूड घातली. तर हा ओठ टम्म फुगवून बसला! कशानं फुगवले देव जाणे. वर मलाच चारचौघांत खुनी म्हणाला आणि गेला. त्याच्या रक्ताचा थेंब अंगात घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं.”

वहिनींना नवरा हवा होता, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मग नोंदणी केलेल्या अनोळखी लोकांत शोधावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मिळेलच असं नाही.”

दादा रिक्षा बघायला बाहेर पडले. वहिनी औषधांचं विचारायला मागे राहिल्या. त्यांना बराच वेळ लागला.

पुढे एका सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः वॉर्डात आल्या. “दाता मिळाला. छान जुळतोय.”

“कोण?”

“नाव आम्ही सांगत नाही.”

आधी जोरकस औषधं देऊन दादांच्या हाडांतली जुनी मज्जा पार रिकामी केली. तोंडात फोड आले, पाणी गिळवेना, तरी तक्रार नाही. मग एक लाल पिशवी टांगली. थेंब थेंब पडू लागले.

“एवढंच?” दादांनी विचारलं.

“एवढंच,” सिस्टर म्हणाली. “आता तुमच्या अंगात जे रक्त तयार होईल ते त्यांचं. रक्तगटसुद्धा त्यांचाच होईल.”

“गाता येत असेल का हो त्याला? मला कधी सूर लागला नाही.”

त्या दिवसापासून दादांनी त्या माणसाला डोक्यावर घेतलं. ताप चढला, अंगावर पुरळ उठलं, पुन्हा वॉर्डात जावं लागलं, तेव्हाही त्यांचं एकच पालुपद. “न बघितलेल्या माणसासाठी कुणी अंगातलं काढून देतं? देवमाणूस! नाहीतर आमचा सख्खा. एकदा डोकावलासुद्धा नाही.”

“जाऊ द्या ना,” वहिनी म्हणत आणि ताट उचलून आत जात.

वर्षभर पथ्य होतं. बाहेरचं नाही, कच्चं नाही, सुका मेवा नाही. रक्ताचे रिपोर्ट एकामागून एक चांगले येत गेले. शेवटी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “रोगाचा मागमूस नाही. तपासायला येत राहा, पण आता सगळं खा आणि कामाला लागा.”

दादांना रडू फुटलं. मग डोळे पुसून म्हणाले, “त्या माणसाला माझ्या हातचा केक पोहोचवाल? बदामाचा. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.”

डॉक्टरीणबाईंनी वहिनींकडे पाहिलं. “दुसरा कुठला केला तर?” वहिनी घाईनं म्हणाल्या.

“छे! त्याला माझं सगळ्यात चांगलं ते जायला हवं.”

दुसऱ्या दिवशी दादांनी बेकरी उघडली. बदाम सोलले, वाटले, लोण्यात साखर फेसली. हात काही विसरले नव्हते. नेहमीच्या सवयीनं त्यांनी मिश्रण बोटावर घेतलं आणि चाखलं. झकास. आणखी एकदा चाखलं.

जिभेला खाज सुटली. ओठ चुरचुरायला लागले. दुकानात शिरणाऱ्या वहिनींच्या हातून डबा निसटला. त्या किंचाळून फोनकडे धावल्या.

काय झालं ते बघायला दादा ओव्हनच्या काचेसमोर वाकले. काचेतून टम्म फुगलेले ओठ घेऊन धाकटा त्यांच्याकडे बघत होता.