हॉलिसची टेप

"ती टेप लावू नकोस, व्हर्न," फोनवर हॉलिस म्हणाला. "बाकी काय वाट्टेल ते लाव."

"का रे? अजून लाज वाटते होय?"

पलीकडे म्हातारा नुसता खोकत राहिला. मग म्हणाला, "हो. तसंच समज."

व्हर्न पेल्कीनं फोन ठेवला. खाली रिंकमध्ये बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फेऱ्या मारत होती. रविवारची दुपार असूनही निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. खाण बंद पडली तसं गाव उठून गेलं, आणि आजच्या सामन्यानंतर संघही गुंडाळला जाणार होता. त्याबरोबर व्हर्नची समालोचकाची खुर्चीही. साठीला आलेल्या, डोकं सतत ठणकणाऱ्या माणसाला दुसरं कोण ठेवून घेणार?

कधीकाळी तो वरच्या लीगमध्ये आइस हॉकी खेळला होता. खेळला म्हणजे मारामाऱ्या केल्या. त्यासाठीच त्याला पगार मिळायचा. त्यात पुढचे दात गेले, आणि कवळीतून 'स' म्हटला की बारीक शिट्टी वाजू लागली. गावातली पोरं दातांतून शिट्टी काढत त्याची नक्कल करत. तो रागवत नसे. रेडिओवर तीच त्याची ओळख होती. डोक्याला बसलेल्या फटक्यांचं मात्र हसू होण्यासारखं नव्हतं. हल्ली खेळाडूंची नावं ऐन वेळी गळून पडत.

"खरंच लावायची?" आवाजाची यंत्रं सांभाळणारी रीटा म्हणाली. "इतकी वर्षं कुणी हात लावला नाही तिला. अपशकुनी आहे म्हणतात."

"लावायची. रिंकच्या लाऊडस्पीकरवरसुद्धा. गाव बुडालंच आहे, कुणामुळे ते तरी ऐकू दे सगळ्यांना."

"गाव खाणीमुळे बुडालं, व्हर्न."

"खाणीचं सोड. चषक कुणी घालवला?"

याचं उत्तर गावातलं शेंबडं पोरही देई. गोलकीपरनं एकही गोल खाल्ला नसेल, तर शेवटचा भोंगा वाजेपर्यंत 'शटआउट' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. खेळाडू नाही, त्यांच्या आया नाहीत, समालोचक तर नाहीच नाही. बोललं की गोल बसलाच, अशी समजूत. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम सामन्यात आर्वो लाइनेनं जाळं असं राखलं होतं, की पक, ती खेळातली रबरी चकती, आत जायची सोय नव्हती. अख्खं गाव रिंकमध्ये लोटलेलं. घरी रेडिओ ऐकायला कुणी उरलं नव्हतं. शेवटी शेवटी लागोपाठ दोन गोल झाले आणि हातातला चषक गेला.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला थांबलेला एक परगावचा ट्रकवाला बोलून गेला, की रेडिओवाल्यानं तो शब्द काढला आणि लगेच गोल झाला. नावं काही त्याला ठाऊक नव्हती. रेडिओवाले दोनच: हॉलिस टेट आणि नवखा व्हर्न. हॉलिसनंच रेडिओ स्टेशनच्या मालकाच्या हातापाया पडून व्हर्नला तिथं चिकटवलं होतं. मालकानं दोघांना समोर उभं केलं. व्हर्न तोंड उघडणार, तोच हॉलिस म्हणाला, "मी बोललो."

हॉलिसची नोकरी गेली. न्हावी त्याचे केस कापेना. बायको बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. आर्वो दारूत बुडून मेला, तेव्हा दफनाला आलेल्या हॉलिसला व्हर्ननं स्वतः चर्चच्या दारातून हाकलून लावलं. वृद्धाश्रमात तो एकटाच जेवतो म्हणतात.

व्हर्न बारमध्ये हा किस्सा रंगवून सांगायचा. "मी शेजारीच होतो. त्याच्या तोंडाकडे बघत होतो." इतक्यांदा सांगून झालं होतं, की त्या दिवसाचं त्याला आता तेवढंच आठवत होतं. बाकी सगळं गेलं तरी नाव स्वच्छ होतं, आणि ते तसंच घेऊन त्याला उठायचं होतं.

दुसऱ्या मध्यंतराला पाहुणे सहा गोलांनी पुढे होते. व्हर्ननं माइक ओढला. "मंडळी, शेवटचंच सांगतो. आपला चषक कुणी घालवला, ते आज सगळ्यांनी ऐका."

रीटानं बटण दाबलं.

टेप खरखरली. आधी गर्दीचा जुना कल्लोळ, मग पक कुणाकडून कुणाकडे गेला ते घाईघाईनं सांगणारा हॉलिसचा भरदार आवाज. आर्वोनं आणखी एक फटका अडवला. खाली म्हातारे टोप्या काढून उभे राहिले. व्हर्ननं डोळे मिटून घेतले.

हॉलिस श्वास घ्यायला थांबला.

"सांगून ठेवतो, लोकहो," लाऊडस्पीकर म्हणाला, "साफ शटआउट होणार आज!"

रिंकमध्ये कुणी हललं नाही. वरच्या रांगेतलं कुणाचं तरी पोर तेवढं खुदकन हसलं, आणि नेहमीच्या सवयीनं दातांतून शिट्टी काढत त्यानं ते वाक्य हुबेहूब म्हणून दाखवलं.