भिंतीच्या आतली जागा

चर्चच्या दफनभूमीची जुनी दगडी भिंत सकाळी पुन्हा चार हात आत सरकलेली होती आणि गवंड्याच्या बायकोचं थडगं बाहेर, रस्त्यावर आलं होतं. त्याने कालच रचलेल्या दगडांवर शंभर वर्षांचं शेवाळ होतं.

“तीनदा पाडून बांधलीस. आता पुरे कर की,” फादर म्हणाले.

“देवानं माझ्या बायकोला घरात घेतलंय, फादर. हे दगड कोण लागून गेले?”

भर दुपारी त्याने चौथ्यांदा थडग्याला आत घेऊन भिंत उभी केली, आतून तिला पाठ लावली, टाचा मातीत रोवल्या आणि खड्या आवाजात भजन धरलं.

दुसऱ्या कडव्याला दगडांनी मागून रेटा दिला. माणूस खांदा लावतो तसा, हळूच.

गवंड्याने आवाज चढवला आणि तोही उलटा रेटू लागला.