डॉक्टरांचा हुकूम

चाळीसच्या चाळीस बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

बाईंनी एक उचलली, उलटसुलट करून पाहिली, मग दुसरी. सगळ्या तशाच. कापल्या होत्या त्यांनीच. कापडाचे थर लावायचे, एका बाहीचा नमुना ठेवून कापायचं, मग नमुना पालथा घालून दुसऱ्या हाताच्या बाह्या कापायच्या. तीस वर्षं शाळांचे गणवेश कापणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको. नमुना पालथा घातला होता की नव्हता? घातला होता. की घालायचाय असं फक्त मनात आलं होतं? डोक्यात नुसता कापूस भरल्यासारखं झालं होतं.

“माझ्या टेबलाला कुणी हात लावला?” त्या कडाडल्या. सगळ्या मशिनी थांबल्या.

“कुणी नाही हो आई,” सून म्हणाली. “तुमच्या टेबलाजवळून जातानासुद्धा आम्ही श्वास रोखून जातो.”

एक-दोन बायका हसल्या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मशिनी परत सुरू झाल्या.

पण हे काही आजचंच नव्हतं. गेले तीन आठवडे दुपारच्या तोंडाशी काहीतरी बिनसायचं. हात थरथरायचे, मानेवर घाम फुटायचा, खडूनं आखलेली रेघ दोन दिसायची. परवा मोजपट्टी गळ्यात असताना त्यांनी अख्खा कारखाना पालथा घातला. काल दारात आलेल्या गिऱ्हाइकाला, वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला, विचारलं, “आपण कोण?” हे सगळं सुनेच्या डोळ्यांदेखत. आणि सून काही बोलत नव्हती, नुसती बघत होती. बोलणारी सून परवडते, बघणारी नाही. हीच वस्तू हलवत असेल का? सासू भ्रमिष्ट झाली असं चार बायकांत ठरलं, की टेबल कुणाच्या वाट्याला जाणार हे काय सांगायला हवं?

बाईंनी खणातल्या बिस्किटांच्या पुड्याकडे हात नेला. हात पोचायच्या आत सुनेनं तो उचलला.

“नाही, आई. डॉक्टरांनी नाही म्हटलंय.”

“अगं, एक!”

“अर्धंही नाही.”

दीड महिन्यापूर्वी बाईंनीच घरात जाहीर केलं होतं. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद, साखरेचं तर नाव काढायचं नाही. वजन उतरेल, गुडघे सुटतील, बारा वर्षांचा मधुमेह शेपूट घालून पळेल. सून तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. “कुणी सांगितलं हे?” “डॉक्टरांचा हुकूम आहे,” बाई म्हणाल्या आणि विषय मिटला. त्या दिवसापासून सुनेनं हुकूम असा पाळला की पोलिसानं धडा घ्यावा. ताटात अंडी आणि पाला. साखरेचा डबा कुलपात. रोज सकाळी मधुमेहाची गोळी मात्र पाण्याच्या पेल्याबरोबर हातात. वजन उतरलंही होतं. बाई चारचौघांत तोऱ्यानं चालत होत्या. फक्त चालताना मधेच कुठे निघालो होतो ते आठवायचं नाही.

त्या बाह्यांवरून संध्याकाळी मुलगा बोलला. “आई, उद्या डॉक्टरांकडे जा. डोकं तपासून घेऊ. आणि ते म्हणाले तर टेबल सोड. बस झालं आता.”

“टेबल? माझं?”

सून पुन्हा नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या बाईंना समोरची भिंत आत-बाहेर होताना दिसली. आपण इथे कशाला आलो? ही शेजारी फाइल छातीशी धरून बसलेली बाई कोण? ओळखीची वाटत होती. नर्सनं बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि धावत आत गेली.

“साखर फार खाली गेलीय,” डॉक्टर बाहेर येत म्हणाले. “आधी साखरेचं पाणी द्या, बाकी नंतर बोलू.”

बाई घटाघटा प्यायल्या. दहाएक मिनिटांनी भिंत जागेवर आली. फाइल धरलेल्या बाईला सुनेचा चेहरा आला. तो चेहरा रडवेला होता.

“हा भ्रम नाही, विसराळूपणाही नाही,” डॉक्टर म्हणाले. “गोळी साखर उतरवते. पोटात भात नाही, पाव नाही, आणि गोळी तेवढीच. मग मेंदूला काय मिळणार? आहार असा बदलायचा तर गोळीचं माप आधी बदलावं लागतं.”

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोकं शाबूत होतं. टेबल आपलंच होतं. त्या उठणार एवढ्यात सून उभी राहिली.

“मग नाही का बदललंत?” तिचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. “खाणं बंद करायला तुम्हीच सांगितलंत ना? मी तुमच्या शब्दावर त्यांच्या तोंडातला घास काढला! बिस्किटासाठी हात थरथरत होते त्यांचे, आणि मी पुडा ओढून घेतला!”

“मी?” डॉक्टरांनी फाइल उघडली. एक पान पुढे उलटलं, दोन मागे. “यात असं काही...”

“लिहायचं राहिलं असेल तुमचं! माझी सासू मला उठता-बसता बोलते, पण खोटं बोलत नाही.”

डॉक्टरांनी फाइलवरून नजर उचलून बाईंकडे पाहिलं. जन्मात कुणापुढे न वाकलेल्या बाईंनी सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं.

“त्यांना नको बोलूस,” त्या म्हणाल्या. “या पथ्याचं त्यांना मी आज पहिल्यांदा विचारतेय.”