मधली खुर्ची

“मधल्या खुर्चीवर मीच बसणार,” ताईंनी फोटोग्राफरला बजावलं. “बाकीच्या दोघी काय वाट्टेल ते म्हणू देत, ऐकायचं नाही. आणि मी मधे असलेला फोटोच छापायचा.”

फोटोग्राफर भिंग पुसत होता. त्याचा हात थांबला.

“आजकाल मधल्या खुर्चीला भलतीच मागणी आहे, मावशी.”

“असेल नाहीतर नसेल. ती माझी.”

“बरं, तुमचीच,” तो म्हणाला आणि पुन्हा भिंग पुसायला लागला.

ताई तरातरा घरी आल्या. धाकट्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. धोका आहे, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्यावर धाकटीने एकच हट्ट धरला होता, “आपल्या तिघींचा मिळून एकही फोटो नाही. आधी तो काढायचा.”

नव्हताच. कारण त्यांची आई कधी काढू द्यायची नाही. तिघांच्या फोटोतला मधला आधी जातो, असं ती म्हणायची. बाबा दोन भावांच्या मधे उभे राहिले आणि वर्ष संपायच्या आत गेले. तेव्हापासून तिघी मुली कॅमेऱ्यासमोर आल्या रे आल्या की आई कुणीतरी चौथं आणून घुसवायची. कधी शेजारीण, कधी तिचं पोर, एकदा तर चक्क टपालवाला. तो अजून अल्बममधून दात काढून हसतोय.

या वेळी ताईंना चौथं कुणी नको होतं. कुणीतरी जायचंच असेल तर धाकटीने का जावं? तिची लेक अजून शाळेत आहे. आपलं काय, गुडघे गेले, दात गेले, राहिलंय तेही जाईल. मरण दार शोधत आलंच आहे, तर त्याला आपल्या दाराशी आणून सोडायचं. एकदा ठरलं की ताई कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

स्टुडिओत राखाडी पडद्यापुढे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटी आत शिरली ती थेट मधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

“ऊठ,” ताई म्हणाल्या.

“मी शेंडेफळ आहे. माझे लाड व्हायला हवेत.”

“लाड घरी. ऊठ म्हणते ना!”

“कमाल आहे तुमची,” मधली बहीण म्हणाली. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि असल्या गोष्टींची तिला भारी चीड. “कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच. बाबांना टायफॉइड झाला होता, फोटो नव्हे. मधे राहून माणूस मरत असतं तर मी जन्मापासून मधलीच आहे. आहे की नाही ठणठणीत? सरका, मीच बसते तिथे. भांडण मिटलं.”

“खबरदार!” दोघी एकदम ओरडल्या.

शेवटी फोटोग्राफरच मधे पडला. “असं करा, तिघी आलटूनपालटून बसा. उजेड कसा पडतो ते मला बघू द्या. छापायचा तो मी बघतो.” आणि ताईंकडे बघून त्याने हळूच मान डोलावली. मग त्या दोघींकडे बघूनही डोलावली. माणूस सभ्य होता.

फोटो आला. ताई मधे, ताठ मानेने. त्यांनी तो कुणालाही न दाखवता पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर त्या पर्स घट्ट धरून बसल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण शब्द फिरवायचा नव्हता. मला ने, तिला सोड, असं त्या मनातल्या मनात घोकत राहिल्या.

डॉक्टर बाहेर आले. “आता काळजी नाही,” म्हणाले. ताई भिंतीला टेकून पोटभर रडल्या. आता आपली पाळी, असं मनात आलं, पण त्याचं काही वाटलं नाही.

धाकटीला खोलीत आणल्यावर ताई तिची उशी सारखी करायला गेल्या आणि उशीखाली हाताला काहीतरी लागलं. फोटो होता. तिघींचा. मधल्या खुर्चीवर धाकटी.

“अगं बये! हा कुठून आला? फक्त माझा छाप म्हणून त्या मेल्याला मी बजावलं होतं!”

“मीही,” धाकटी क्षीण आवाजात म्हणाली. “मी तशीही निघालेच होते, ताई. तुम्हा दोघींना कशाला धोक्यात घालू?”

ताईंना रागवावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

“बघितलंस, मधले, हिचं शहाणपण? तू तरी समजाव हिला, फोटोने कुणी मरत नसतं म्हणून!”

मधली खिडकीशी पाठमोरी उभी होती. “नाहीच मरत,” ती म्हणाली. आवाज भरून आला तशी तिने घाईघाईने पर्समधून रुमाल ओढला. त्याच्याबरोबर निसटलेला फोटो फरशीवर उताणा पडला. त्यात मधल्या खुर्चीवर ती स्वतः बसली होती, ठणठणीत.