टेबलाखालचा निरोप

शहरातली फ्रेंच रेस्टॉरंट्स पालथी घालून तो पेपरात त्यांच्यावर लिहायचा. त्याने नाक मुरडलं की भल्याभल्या शेफचं धाबं दणाणायचं. पण आठ वर्षांपूर्वी एका दुखण्यात त्याच्या तोंडाची चव कायमची गेली होती, आणि हे फक्त बायकोला ठाऊक होतं. सोबत जेवताना तीच टेबलाखाली त्याचा पाय दाबायची. पदार्थ छान असला तर दोनदा, बेचव असला तर एकदा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

बायको जाऊन महिना झाला. आज तो नेहमीच्या एका रेस्टॉरंटमध्ये, नेहमीच्या टेबलाशी एकटाच बसला. कांद्याचं सूप आलं. ते गरम आहे एवढंच त्याला कळलं. वाईटही लागत नव्हतं, काहीच लागत नव्हतं. तो वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला.

"मॅडम नाही आल्या?" म्हाताऱ्या वेटरने विचारलं.

"आता नाही येणार त्या."

किचनच्या दाराकडे एक नजर टाकून वेटर ग्लासात पाणी ओतायला वाकला.



आणि टेबलाखाली वेटरच्या बुटाने त्याचा पाय हळूच दाबला. एकदाच.