ज्याचं त्याला

"दत्ता, माझं कराओके मशीन दे," दारातच चपला काढत मुरलीधर म्हणाला. "गणपतीत गायचंय मला. प्रॅक्टिस नको?"

दत्तप्रसादने आधी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. सकाळीच मुरलीधरच्या बायकोचा फोन येऊन गेला होता. "भावोजी, हात जोडते, मशीन परत देऊ नका," चित्रलेखा म्हणाली होती. "ते तुमच्याकडे गेलं आणि मला झोप लागायला लागली. शेजारच्या डॅरनचा कुत्रासुद्धा रडायचा थांबलाय."

आता मागच्याच रस्त्यावर राहणाऱ्या जिवलग मित्राला हे तोंडावर कसं सांगायचं?

सोफ्यावर लेक लॅपटॉप घेऊन लोळत होती. ओवी वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीतून वीकेंडला घरी आली होती आणि ग्रीक लोकांच्या न्यायावर निबंध लिहीत होती. तिने काल जेवताना सांगितलेलं दत्तप्रसादला आठवलं. बुडत्याला तेवढाच आधार.

"मुरली, बस जरा. ग्रीक म्हणायचे, ज्याचं त्याला परत देणं म्हणजे न्याय. पण समज, मित्राने आपल्याकडे सुरा ठेवला, आणि मागायला आला तेव्हा तो वेडा झालेला. द्यायचा?"

"छे! भोसकेल की कुणालातरी." मुरलीधर थांबला. "एक मिनिट. वेडा कोण? मी?"

"बाबा, इट्स जस्ट अ थॉट एक्सपेरिमेंट," ओवी ओरडली. "डोन्ट यूज इट ऑन काका!"

मुरलीधरचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मी वाईट गातो. सरळ सांग ना."

तेवढ्यात दत्तप्रसादची बायको शुभदा गॅरेजमधून मशीन ढकलत आली. "घ्या भावोजी, तुमचं तुम्ही न्या."

"अगं, चित्रलेखाला काय सांगू?" दत्तप्रसाद कुजबुजला.

"सांग, शुभदालाही कान आहेत. शिफ्टवरून आलास की गॅरेजमध्ये बसून रेकतोस. अरे, सुरा ज्याच्याकडे ठेवला, तोच वेडा झालाय!"

मुरलीधर उडालाच. "दत्ता, तू गातोस? लेका, बोलला नाहीस! चल, गणपतीत ड्युएट!" गळ्यात गळा घालून दोघं मशीन गाडीत टाकायला बाहेर गेले.

"आई," ओवी म्हणाली, "एक ग्रीक असंही म्हणायचा की न्याय म्हणजे जो बलवान, त्याच्या फायद्याचं."

"हा शहाणा होता." शुभदाने पदराआड धरलेली मशीनची वायर तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, झाकण लावलं आणि फोन केला. "चित्रलेखा, मशीन येतंय, पण वायर माझ्याकडे आहे. निवांत झोप."

बाहेर ड्राइव्हवेत दोघांनी धीर न धरवून तसाच सूर लावला. एकदम वरचा.

"शुभदा," पलीकडून चित्रलेखाचा रडवेला आवाज आला, "मग डॅरनचा कुत्रा का रडायला लागला गं?"